बॅटरीला कान का नसतात?

आजच्या धाग्यात राजे, तह आणि सनावळ्या कमी आहेत. शिसे, दोरी आणि कंबर यांचा भाग अधिक आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आमच्या घरी, मानपाड्याला, दाराच्या मागच्या खिळ्यावर ट्रकच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी टांगलेली असते. (मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्याला. आमचे दुसरे. कुरिअरवाल्यांना हे रोज सांगावे लागते, म्हणून इथेही सांगितले.) पट्टी चार बोटे रुंद आहे. दोन्ही टोके दुमडून त्यांत फावड्याच्या मोडक्या दांड्याचे वीतभर तुकडे बसवले आहेत आणि नट-बोल्टने आवळले आहेत. लहानपणापासून ती मी पाहत आले. ती कशासाठी आहे, हे विचारायला मात्र इतिहासात एम.ए. करायला लागेपर्यंत सुचले नाही.

"अगं, बॅटरी काढायला," बाबा म्हणाले. "तिला कान कुठे असतात?"

पातेल्याला कान असतात, कढईला असतात. घागरीला कान नसले तरी गळा असतो, तिथे हात बसतो. बिनकानाच्या टोपासाठी घरात सांडशी असते. मग पंचवीस किलोची, आत आम्ल भरलेली, चारही बाजूंनी गुळगुळीत अशी पेटी माणसाने धरायची तरी कुठे? पुढचे सगळे या एका प्रश्नामुळे वाचले.

आधी बॅटरी इतकी जड का, ते पाहू. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, मध्ये वेगळेपणासाठी पट्ट्या घातल्या, त्यांची गुंडाळी केली आणि ती सल्फ्युरिक आम्लात बुडवली. पुन्हापुन्हा भारता येईल अशी ही पहिली व्यवहारोपयोगी बॅटरी. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पत्र्यांवर थापून तिची क्षमता वाढवली. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ घटक तेच राहिले. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड, लोखंडाच्या जवळजवळ दीडपट. एका घरातून मिळतो साधारण दोन व्होल्टचा दाब, म्हणून बारा व्होल्टसाठी सहा घरे लागतात. लहान मोटारीची बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते, प्रवासी व्हॅनची वीस ते पंचवीस, ट्रकची चाळीसच्या घरात.

आता गंमत अशी, की बॅटरी मोटारीत आली ती माणसाचे अंग वाचवण्यासाठी. त्याआधी इंजिन सुरू करायला पुढून लोखंडी हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले की मनगट मोडे, कधी त्याहून वाईट होई. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसला आणि गाडी चालवणाऱ्याचे मनगट सुटले. हँडलचा भार शिशाने घेतला आणि ते शिसे उचलण्याचे काम गॅरेजमधल्या माणसाकडे गेले. आपल्याकडे हँडल पुढेही बरीच वर्षे टिकले. जुन्या ट्रकचे आणि जीपचे हँडल मारलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. बॅटरी उतरली की एसटीला धक्का मारणारे प्रवासी तर माझ्या पिढीनेही पाहिले.

याच सुरुवातीच्या काळात बॅटरीला कान होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतल्या मोटारींच्या बॅटऱ्या लाकडी पेटीत बसवलेल्या असत. आत प्रत्येक घराचे स्वतंत्र भांडे, वरून डांबराचे लिंपण, आणि पेटीच्या दोन्ही टोकांना लोखंडी मुठी. लाकूड आम्लाने सडते, म्हणून त्याची जागा एकसंध कठीण रबराच्या खोक्याने घेतली, पुढे प्लास्टिकने. या बदलात आम्लाचा प्रश्न सुटला आणि अनेक बॅटऱ्यांच्या मुठी नाहीशा झाल्या. पुढे काही कंपन्यांनी मोठ्या बॅटऱ्यांना दोरीच्या मुठी परत दिल्या, काहींनी वर घडीचा पट्टा दिला. पण बाजारातली पुष्कळ बॅटरी आजही बिनकानाची आहे. किंवा तिच्या कडेला बोटाचे एक पेर जेमतेम अडकेल एवढी खाच असते आणि तिलाच धरण्याची सोय म्हणायचे.

उचलण्याची सोय वस्तूतच करण्याची समज काही नवी नव्हे. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपीय पितळी तोफा पाहा. नळीच्या वर, तोल सांभाळला जाईल अशा जागी, दोन कड्या ओतलेल्या असतात, पुष्कळदा माशाच्या आकाराच्या. शोभेसाठी वाटतात, पण त्यांतून दोर ओवून तोफ उचलत. घंटेचेही तसेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. घंटेच्या माथ्यावर टांगण्यासाठी कड्या असतात आणि त्या ओतकाम करतानाच बनतात. ज्याने घंटा ओतली त्याला ती कुणीतरी वर चढवणार हे ठाऊक होते. वसईच्या समुद्रकाठापासून घाटावरच्या नाशिकपर्यंत ती घंटा न्यायची, तर दोर बांधायला जागा तरी तयार होती.

बॅटरी मात्र ओतली जाते ती गाडीच्या खळग्यात बसण्यासाठी. खळग्याचे माप आधी ठरते, बॅटरीचे नंतर. ट्रकची बॅटरी निदान चॅसिसच्या बाजूच्या उघड्या पेटीत असते, दोघांना दोन बाजूंनी हात घालता येतो. छोट्या प्रवासी गाड्यांत तेवढी जागा नसते.

इथे आपल्या एका मराठी शब्दाचा संबंध येतो. मालवाहू छोट्या गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो. हा शब्द हॅम्बुर्गच्या एका मोटार कारखान्याचे व्यापारी नाव आहे. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून त्या जर्मन कारखान्याच्या सहकार्याने 'हॅनसीट' नावाची तीनचाकी इथे बनवली. कंपनी आधी गोरेगावला होती, मग पुण्याजवळ आकुर्डीला गेली. पुढे मॅटाडोर आली, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. कंपनीचे नावही २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले, तरी भाषेत टेम्पो राहिला. या वाणाच्या सगळ्याच गाड्यांचे, मग त्या कुठल्याही कंपनीच्या असोत, तत्त्व एक: माणसांना आणि मालाला जास्तीत जास्त जागा, यंत्राला उरेल ती. त्यामुळे बॅटरीला आसनाखालचा खळगा, पायरीमागची पोकळी, असे काहीतरी मिळते.

बाबांची गाडी अशीच एक बारा आसनांची व्हॅन. (कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही.) शाळेच्या फेऱ्या बंद झाल्यावर त्यांनी मागची आसने काढून फळ्यांचा पलंग, शेगडी आणि दिवे-पंख्यासाठी दुसरी बॅटरी बसवली. (आरटीओची परवानगी घेऊन. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि त्याला बराच संयम लागेल.) राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा बाबांना फार आनंद झाला होता. आपण काळाच्या पुढे होतो, असे ते अजून म्हणतात.

पण पट्टीची गोष्ट त्याआधीची. मी दहावीत होते. पहाटे फेरीला निघायचे आणि गाडी सुरू होईना. बाबांनी एकट्याने, आसनाखालच्या खळग्यात वाकून, दोन्ही हातांच्या बोटांनी बॅटरीच्या कडा धरून ती उचलली. अर्ध्यावर आली आणि कमरेत कळ गेली. बॅटरी त्यांनी सोडली नाही, कारण खाली पाय होता. पुढचे तीन आठवडे ते गादीवर आडवे आणि गाडी दारात उभी. त्या महिन्याचा हप्ता आईने बांगड्या ठेवून भरला. गाडीच्या पुस्तिकेत एक ओळ होती, की बॅटरी काढताना योग्य साधनाचा वापर करावा. गाडीबरोबर मिळालेल्या पेटीत जॅक होता, पाने होते, पण तसे कोणतेही साधन नव्हते.

पंचवीस किलोने एवढे का व्हावे? गहू-तांदळाची पोती तर याहून जड. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले एक सूत्र आहे. त्यानुसार अगदी आदर्श स्थितीत, म्हणजे वस्तू अंगाजवळ, धरायला चांगली आणि उचलणारा सरळ असताना, शिफारस केलेली मर्यादा २३ किलो. 'अंगाजवळ' म्हणजे घोट्यांपासून हातापर्यंतचे आडवे अंतर २५ सेंटिमीटर. हे अंतर ५० झाले की मर्यादा थेट निम्मी, साडेअकरा किलो. वाकणे, पिळणे आणि वाईट पकड यांची वजावट त्यापुढची. आसनाखालच्या खळग्यात हात लांब करून उचललेली बॅटरी या हिशेबाने मर्यादेच्या दुपटीहून जड ठरते. पोते पाठीवर किंवा डोक्यावर घेतले की ते शरीराच्या रेषेत येते. बॅटरी कुणी डोक्यावर घेत नाही.

बरे झाल्यावर बाबांनी पट्टी केली. कल्पना त्यांची एकट्याची नव्हे, आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजांत असे प्रकार पुष्कळ होते. कल्याण-शीळ रस्त्यावर एकेकाळी प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो मोटारी बनत. आता त्या बाजूला उंच इमारती आहेत, पण पाना हातात धरलेली माणसे या भागात नेहमीच होती. मी दोन वर्षे जमेल तसे फिरून हे प्रकार लिहून घेतले.

सर्वांत जुना प्रकार सुंभाच्या किंवा सुती दोरीचा. दोन फास करायचे, बॅटरीच्या दोन्ही टोकांखालून सरकवायचे, वर गाठ मारायची. सोपा आणि धोकादायक. आम्लाचे थेंब सुती धागा आतून खातात, दोर वरून धड दिसतो आणि एके दिवशी अधांतरी तुटतो. नायलॉनलाही आम्ल बाधते. म्हणून ट्यूब. सौम्य सल्फ्युरिक आम्ल रबराचे फारसे काही बिघडवत नाही. तिचा दोष एकच, ती ताणते. बॅटरी उचलताना पट्टी आधी लांबते, मग बॅटरी हलते आणि हिंदकळते. यावर उपाय म्हणून पट्टी दुहेरी करतात. काही जण भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट वापरतात. तो पॉलिएस्टरचा असतो, ताणत नाही आणि पातळ आम्लाला दाद देत नाही. मला विचाराल तर हाच सर्वांत चांगला, पण बाबांना ट्यूबचा अभिमान आहे.

पट्टी खळग्यातल्या बॅटरीखाली घालायची कशी? लाकडी पाचरीने एक टोक बोटभर उचलायचे, पट्टी सरकवायची, मग दुसरे टोक. जास्त तिरपी केली की जुन्या प्रकारच्या बॅटरीच्या झाकणांतून आम्ल झिरपते. पाचर लाकडाचीच हवी. लोखंडी पहार दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकली तर जी ठिणगी उडते, ती पाहिलेला माणूस पुन्हा तसे करत नाही. तारेचा आकडा करून टर्मिनलला अडकवणारेही भेटले. त्यात पकड टर्मिनलवर येते, ते शिशाचे आणि मऊ असते, आतला जोड निखळतो. एक जण तर दोन्ही टर्मिनलांना एकच तार लावत असे. त्याच्या तळहातावर खूण आहे.

या सगळ्याच्या आधी वजा बाजूची वायर काढायची असते आणि ती पहिली का, हे मला एका गॅरेजमधल्या काकांनी इतिहासाच्या तासाला शोभेल अशा शांतपणे समजावले. गाडीचा सगळा सांगाडा वजा टोकाला जोडलेला असतो. अधिक टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला की वर्तुळ पुरे होते. वजा आधीच सोडवलेले असेल तर पाना कुठेही लागो, वर्तुळ अर्धेच राहते. सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकायचा, हेही त्यांनीच सांगितले.

जड बॅटरीसाठी दोन माणसे आणि एक बांबू. पट्टीची दोन्ही टोके बांबूवर, बांबू दोघांच्या खांद्यावर. हे पाहताना मला भोई आठवले. भार मध्यभागी टांगायचा आणि दोन खांद्यांवर वाटायचा, ही पालखीची आणि मेण्याची रीत. एकट्याची कावड तिचीच बहीण. डोक्यावरच्या ओझ्याखाली घालायची चुंबळ हीदेखील अशीच कापडाच्या चिंधीची युक्ती: गोल वळकटी करायची, भार टाळूच्या एका बिंदूवर न येता कडेने पसरतो. ज्यांनी या युक्त्या काढल्या त्यांनी त्या लिहून ठेवल्या नाहीत. त्यामुळे कागदपत्रांत आपल्याला ओझ्याचे वजन सापडते, मजुरी सापडते, उचलण्याची पद्धत क्वचितच सापडते.

ओझे उचलणाऱ्या माणसाची दखल कायद्याने घेतली ती मुंबईतच. मशीद बंदर, दाणा बंदर या बाजारांतले हमाल शंभर किलोची पोती वाहत. मालक रोज निराळा, टोळीने काम, आजारपणाची सोय नाही. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी, हा शब्द कायद्याच्या नावात बसला. मंडळे आली, नोंदणी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. याच सुमारास, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने वाहायच्या वजनाचा करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा दिला. भारताने तो करार स्वीकारायला २०१० साल उजाडले.

या चौकटीत गॅरेजमधला पोरगा कुठेच नाही. तो माथाडी नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात इजा होईल एवढे वजन उचलायला लावू नये असे कलम होते, कलम ३४, पण दोन पोरे आणि एक कॉम्प्रेसर यांचा कारखाना होत नाही. आपल्याच गाडीची बॅटरी उचलणारे माझे बाबा तर स्वतःचेच मालक आणि स्वतःचेच हमाल.

भारनियमनाच्या वर्षांत हाच प्रश्न घराघरांत शिरला. डोंबिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत इन्व्हर्टर आले आणि त्यांच्यासोबत पन्नास-साठ किलोच्या बॅटऱ्या. दुकानातली दोन मुले ती पट्ट्यांत घालून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर नेत, दर मजल्यावर पायरीला टेकवून पट्टा हाताला गुंडाळून घेत. आम्ही दारात उभे राहून 'सांभाळून, फरशी नवीन आहे' असे सांगत असू. मी स्वतः हे म्हटल्याचे मला आठवते.

आता लिथियम फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्या आहेत. शिशाची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तीस किलोच्या आसपास असेल, तर तेवढ्याच क्षमतेची ही बारा-तेरा किलोची. किंमत ऐकून बाबा हसले आणि म्हणाले, त्यापेक्षा पट्टी स्वस्त.

गेल्या महिन्यात आम्ही गाडीतली दुसरी बॅटरी बदलली. एका मुठीला बाबा, दुसऱ्या मुठीला मी. नवी बॅटरी खळग्यात उतरवल्यावर मी पट्टी ओढून काढू लागले, तर त्यांनी थांबवले. टोके वर दुमडून क्लॅम्पच्या कडेला खोचली आणि पट्टी बॅटरीखालीच ठेवली. "पुढच्या वेळी काढणाऱ्याला पाचर मारावी लागणार नाही," म्हणाले. खिळ्यासाठी नवी पट्टी कापायचे काम माझ्याकडे आहे.

तुमच्या घरी, गॅरेजमध्ये किंवा डेपोत बॅटरी उचलायचे असे काही हाताने केलेले साधन असेल, तर त्याचा फोटो आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणतात तो शब्द, दोन्ही खाली टाका. लाकडी पेटीची, लोखंडी मुठींची जुनी बॅटरी कुणाच्या माळ्यावर असेल तर मला ती प्रत्यक्ष पाहायची आहे. उचलायला पट्टी घेऊन येईन.